पाणी येण्याआधीचे आभार

खोडाळ्याच्या पलीकडच्या आमच्या खालच्या पाड्यात अजून नळ नाही. टाकी वरच्या पाड्यावर झाली, पाइप तिथंच थांबला. पैसा जर्मनीचा. तो देणाऱ्या बाई काम पाहायला येणार होत्या. टाकी बांधणाऱ्या संस्थेचे साहेब मला म्हणाले, "तुझ्या काकीला माइकवर आभार मानायला लाव. बाई खूश झाल्या तर खालचा पाइप मंजूर. नाहीतर बघ."

मागण्यांची पत्रकं लिहून माझा हात बसलेला, मी काकीला दोन ओळींचं भाषण लिहून दिलं. शेवटी बाईंच्या जर्मनमधला आभाराचा शब्द टाकला, 'दांके'.

जव्हारहून पाहुण्यांना आणताना जीपमध्ये मी पुण्याच्या दुभाष्याला या शब्दाचं मूळ विचारलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे विचार करणं आणि आभार मानणं एकाच मुळातून आलंय. आधी अर्थ होता नुसता विचार, मनात ठेवणं. मग चांगला विचार. आभार त्यानंतरचे. इंग्रजीतलं थँक्यूही त्याच घरातलं."

डोकंच तापलं माझं. टाकी वर बांधताना खालच्या पाड्याचा विचार कुणी केला होता? तो न करता आभार मात्र आमच्याकडून हवेत.

टाकीजवळच्या मांडवात काकी माइकसमोर उभी राहिली आणि माझा कागद घडी करून कमरेला खोचला. साहेब दात आवळून हसत होते.

"बोल ना काकी," मी खालून म्हणालो.

"काय बोलू? पानी कुठं आलाय?"

वरच्या पाड्यातला एक जण म्हणाला, "आमच्या वाटचं बोलून टाक." दोघं-तिघं हसले.

आमच्यात आभार तोंडानं मानत नाहीत. ज्यानं मदत केली त्याला नव्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पहिल्या भाकरीला बोलावतात. काकी बाईंकडे वळली.

"पानी येल तवा भाकरीला बोलवीन. तवर नाय."

दुभाष्याला तिची बोली कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. साहेब माझ्या कानाशी आले. "आभार मानतेय, असं सांग."

सगळा पाइप माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. मी दुभाष्याला काकीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

बाईंचं हसू गेलं. पाणी कुठून आणता, एवढंच त्यांनी विचारलं. काकी माइक ठेवून झऱ्याच्या उताराला लागली, मागोमाग बाई. साहेब मागून ओरडत राहिले, "मॅडम, उशीर होतोय."

नागली घरात आली. पाइप वरच आहे. साहेब माझा फोन उचलत नाहीत. काकीनं पहिली भाकरी भाजली, ती यंदा आम्ही घरच्यांनीच खाल्ली.