साडूंचा फ्रीझर

माझ्या पोटात एक गोष्ट आहे, ती बायकोलाही ठाऊक नाही. ती सांगायची तर आधी आमचे थोरले साडू सांगायला हवेत. त्यांच्याइतका संशयी माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा नसेल. दूधवाल्याला ते आधी त्याचंच दूध प्यायला लावतात. उदगीरच्या एका लग्नात आहेराचा टॉवेल उलगडून त्यांनी भर मांडवात मीटरपट्टी मागितली होती. विश्वास म्हणाल तर एकट्या माझ्यावर, कारण मी कमी बोलतो. "लई बोलणाऱ्याला काही तरी लपवायचं असतंय, साडभाऊ!" हे त्यांचं शास्त्र.

मृगाला त्यांच्या घरी मासा शिजलाच पाहिजे. पण त्या दिवशी बाजारात येणारा मासा कुठला, कधीचा, याची त्यांना शंका. म्हणून हिवाळ्यातच गोदावरीच्या घाटावरून, चंद्राबाईकडून, रोहू घेऊन ते फ्रीझरात ठेवत. चंद्राबाई त्यांची मानलेली बहीण, तरी कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नसत. "बघा दादा, बघा! आता माझे बी दात मोजा," ती म्हणायची. घरी तुकडे गार पाण्यात बुडवून गोठवायचे, वर बर्फाचा पापुद्रा चढला की जाड पिशवीत भरायचे, नळीनं आतली हवा ओढून घ्यायची, गाठ मारायची, वर दुसरी पिशवी. "खरी चोर हवा हाय. आत राहिली का मासा वाळून राहिला समजा." ओठ नळीला, डोळे वटारलेले, गाल आत गेलेले, मेहुणीबाई हसून बेजार. मग फ्रीझरला कुलूप.

एका उन्हाळ्यात ते दोघं औशाला लेकीकडे गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. आमच्या घरी मासा चालत नाही, आणि मला तर भारी आवडतो. एक अख्खं पाकीट उचललं तर कळेल, म्हणून मी शहाणपणानं प्रत्येक पाकिटातून एकेक तुकडा काढला आणि गाठी परत मारल्या. नळी काही मला जमली नाही.

मृगाला पाकिटं फोडली तर सगळे तुकडे पांढरट, कडेनं वाळलेले, आणि पिवळ्या पडलेल्या चरबीला खवट वास. साडूंनी पिशवीवाल्यावर संशय घेतला, लाइटवर घेतला, शेवटी चंद्राबाईवर. "बहीण म्हणून शिळं गळ्यात मारलं!" माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच सांगा, साडभाऊ." मी नेहमीसारखा गप्प बसलो.

तेव्हापासून ते घाटावर जात नाहीत. भाऊबीजेला चंद्राबाई ताट घेऊन आली तेव्हा त्यांनी आतून कडी लावून घेतली. परवा ती मला भेटली. साडू आता काठी घेऊन चालतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "मासा नका घेऊ म्हणावं. पर बोला तरी."

पाकिटं मी उघडली होती. एवढं मला त्या दोघांना समोरासमोर बसवून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.