दुसऱ्याच्या नाडीचं औषध

पाटोद्याच्या बाजारात हकीमसाबांचं दुकान होतं. बदाम, मध, कुंदूर नावाचा डिंक आणि इराणातून येणारी उस्तुखुद्दूसची वाळकी फुलं घालून ते माजून नावाचा अवलेह करायचे. तो चमचाभर चाटला की वाचलेलं डोक्यात टिकतं, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री. पण घेणाऱ्याची नाडी पाहिल्याशिवाय हकीमसाब बरणी हातात ठेवत नसत.

त्या दुष्काळात दादा मॅट्रिकला होता. आमची जनावरं सहकारी साखर कारखान्याच्या चारा छावणीत बांधलेली. वडील नव्हते, त्यामुळे जनावरांपाशी दादाच राहायचा, पुस्तकंही तिकडेच. त्याला तिथून हलता येईना, म्हणून आईने नाडी दाखवायला त्याच्याऐवजी मला नेलं. एकाच पोटची लेकरं, नाडी काय वेगळी असणार, हा तिचा हिशेब. मी तेव्हा सातवीत होते.

"कुणाला पायजे, बहेन?" हकीमसाबांनी विचारलं.

"हिलाच. पोरगी लई हुशार हाय. लई शिकवायचं हाय हिला."

मला ते खरंच वाटलं. बरणी मी घरापर्यंत छातीशी धरून आणली. घरी पोचताच आईने ती फडक्यात बांधली आणि छावणीची वाट धरली. माझ्या वाट्याला झाकणाला लागलेलं तेवढं आलं.

दादा पास झाला, कारखान्यात चिकटला. त्याचं श्रेय माजूनला द्यायला मी तयार नाही. तो मुळात कष्टाळूच होता. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं नाव कुणी काढलं नाही आणि माझं शिक्षण तिथेच खुंटलं. ती हळहळ अजून जात नाही.

अलीकडे आईला माणसं ओळखू येईनात. मला कधी जाऊबाई म्हणते, कधी शेजारीण. औषधावर माझा फारसा भरवसा नव्हता, तरी तिला घेऊन पाटोद्याला गेले. दुकानात आता हकीमसाबांचा मुलगा बसतो. नियम तोच.

"हात द्या, आजी," तो म्हणाला.

आईने माझं मनगट धरून पुढे केलं.

"हिलाच पायजे. पोरगी लई हुशार हाय. लई शिकवायचं हाय हिला."

माझे केस पिकलेले. तो बिचारा एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. इतक्या महिन्यांनी आईने मला ओळखलं होतं, तेही जुनी थाप मारण्यासाठी. तरी मला पहिल्यांदा झाला होता तेवढाच आनंद झाला, आणि मग रडू आवरेना. आजारी ती आहे, हे सांगायला हवं होतं. पण त्याने नाडीवर बोटं ठेवली आणि मी हात मागे घेतला नाही.