मिरकाबचा कोरडा पब

कुवेतमध्ये दारूला बंदी आहे, पण आयरिश पब आहे. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात दोन दुकानांच्या मधल्या फटीत कोणीतरी अख्खं आयर्लंड घुसवलंय. हिरव्या भिंती, पिंपांची टेबलं, हिरवी टोपी घातलेला केरळी वेटर. बसायला जागा नाही, उभं राहिलं तर शेजाऱ्याचं कोपर आपल्या बरगडीत. आणि हे सगळं कशासाठी, तर बार्लीचं फेसाळ पाणी पिण्यासाठी. त्यापेक्षा घरी बसून ताक प्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सरांना भारी हौस. सर पुण्याचे, आमच्या विभागाचे मॅनेजर, ऑफिसात हसलेले मी तरी पाहिले नव्हते. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून एका गुरुवारी काम सुटल्यावर त्यांनी आम्हा सहा जणांना कंपनीच्या गाडीत कोंबलं आणि शहराबाहेरच्या फहाहीलमधल्या आमच्या ऑफिसातून इथवर आणलं. टीम बिल्डिंग म्हणे.

भाई यायलाच तयार नव्हते. भाई म्हणजे आमचे रत्नागिरीचे स्टोअरकीपर, माझे रूममेट, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांच्या मुलीचा निकाह महिन्यावर आला होता आणि रजेचा अर्ज सरांच्या टेबलावर लोळत पडला होता. "शटडाउन आहे, बघू," हे एकच उत्तर; दुरुस्तीसाठी प्लांट बंद असला की कुणालाच रजा नाही. मीच त्यांना ओढून नेलं. म्हटलं, "भाई, चला. तिथे सर मूडमध्ये असतील, विषय काढू."

बाटली आली तशी भाईंनी चष्मा चढवला आणि लेबल वाचलं. अल्कोहोल शून्य टक्के. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून लेबल अलगद सोलून खिशात ठेवलं. अरबीतलंही कुणाकडून तरी वाचून घेतो, म्हणाले.

मग तमाशा सुरू झाला. दुसऱ्या ग्लासाला सरांचा आवाज चढला, तिसऱ्याला ते चक्क झुलायला लागले. बार्लीच्या पाण्यावर. मला त्यांची लाज वाटली, पण मॅनेजर झुलतोय म्हटल्यावर ताठ उभं कोण राहणार? बाकीचेही झुलले. मीसुद्धा थोडा झुललो, खोटं कशाला बोलू.

मी विषय काढला. सरांनी भाईंच्या गळ्यात हात टाकला. "भाई, लेकीचं लग्न एकदाच असतं. महिनाभर जा. माझा शब्द." भाईंनी तिथूनच घरी फोन लावला. त्या कलकलाटात एका कानात बोट घालून ते बायकोला सांगत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यापुरते मला सरही आवडले.

रविवारी आम्ही दोघं सही घ्यायला गेलो. सर म्हणाले, "अहो भाई, पबमधलं बोलणं काय मनावर घेता? चार ग्लास पोटात गेले की माणूस काहीही बोलतो."

माझं डोकंच सटकलं. पण मी तोंड उघडायच्या आत भाईंनी खिशातून ते लेबल काढलं आणि हाताने सपाट करून अर्जावर ठेवलं.

"सर, तुम्ही घाबरू नका," ते हळूच म्हणाले, "त्यात दारू नव्हती. मी आधी वाचलंय."

टोमणा मारायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. आपल्याला कुणीतरी फसवून दारू पाजली असं वाटून सर बिचारे घाबरलेत, असा भाईंचा खरोखरच समज झाला होता, म्हणून हा माणूस त्यांची समजूत घालत होता. सर लेबलाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. मग त्यांनी सही केली आणि मान वर न करताच मला म्हणाले, "यांचं स्टोअर तू सांभाळायचं." म्हणजे माझी गणपतीची रजा गेली. मी हो म्हणालो.

भाईंनी अर्ज घेतला आणि लेबलही परत मागून घेतलं. त्यातलं अरबी अजून वाचून घ्यायचं राहिलं होतं.