तुझ्या गिटारीला माईक लागत नाही

"तू इथंच बस. तुझ्या गिटारीला माईक लागत नाही."

सर हे पहिल्याच दिवशी बोलले. चढ्या आवाजात नाही. पंखा बंद कर म्हणावं, तितक्या सहज. इथं म्हणजे त्यांच्या घराच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडजवळ. आत त्यांचा स्टुडिओ, यवतमाळात नावाजलेला. तबला आत, ढोलकी आत, बासरी आत, गाणारी आत. माझ्या बेस गिटारची वायर दाराखालच्या फटीतून बाहेर आली आणि त्या वायरच्या टोकाला मी.

बोलणं खोटं नव्हतं. हीच त्यातली हुशारी. तबल्यासमोर माईक ठेवावा लागतो. माझी गिटार वायरीनं थेट मशीनमध्ये जाते. बाहेर कुत्रं भुंकलं तरी ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. मी कुठंही बसून वाजवू शकतो. म्हणून मी बाहेर.

मी बौद्ध. सर कोण, ते त्यांच्या आडनावावरून कळतं. पण त्या घरात जातीचं नाव कधी कोणी काढलं नाही. गरजच नव्हती. माईक होता ना.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. बाप राजूरला कोळशाच्या खाणीत राबला. माझी पदवी त्यानं फ्रेम करून भिंतीवर लावली आणि फ्रेमला कोणाला हात लावू दिला नाही. गिटार शिकलो दारव्ह्यात, चाचांकडं. चाचांचं जीप दुरुस्तीचं गॅरेज. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. ग्रीसचे हात पँटीला पुसत ओरडायचे, "बोट तारेले घाबरते काहून बे? दाब!"

पॅसेजमधून आतलं काहीच दिसायचं नाही. आतले सगळे सरांच्या हाताकडं बघून वाजवायचे. मला हात दिसत नव्हता. कानाला हेडफोन, समोर भिंत. मग मी गाणारीचा श्वास ऐकायचो. तबल्यावर थाप पडली की केसभर थांबायचो आणि मग सूर ठेवायचो. चूक होऊ नये म्हणून थांबायचो. भीतीनं.

आणि तेच लोकांना आवडलं. तो केसभर उशीर. देवीची गाणी, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी. वणीपासून पुसदपर्यंत मांडवामांडवात लोकांचे पाय माझ्या त्या उशिरावर पडायला लागले. नवे बेसवाले तसंच वाजवायला लागले. त्याला नावही पडलं. सरांचा ठेका.

महागावला एका कार्यक्रमात एक बेसवाला मलाच समजावत होता, "दादा, सरचा ठेका असा नसते. जरासं मांगं राहा लागते."

"हो का?" मी म्हटलं.

"मंग! सोपं नाही ते. डोस्कं लागते."

पुढं मोबाईलवर सरांची मुलाखत पाहिली. विचारणाऱ्यानं बेसबद्दल विचारलं. सर हसले. म्हणाले, "ते सगळं माझ्या डोक्यातलं. पोरं फक्त बोटं चालवतात."

पोरं. माझे केस पिकायला लागले होते.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो. तिथंच बसलो. स्वतःला सांगत राहिलो, माईक लागत नाही हे खरंच आहे की.

मग सरांचा भाचा आला, नागपूरहून. इलेक्ट्रिक गिटार घेऊन. त्याचीही वायर थेट मशीनमध्ये जाते. माझ्यासारखीच. तो आत गेला, एसीखाली गादीवर मांडी घालून बसला. दार लागलं. हेडफोनमधून त्याचं हसणं माझ्या कानात आलं.

रेकॉर्डिंग चालू होतं. मी उठलो. गळ्यात गिटार, तसाच. दार उघडलं.

"सर, याच्या गिटारीले माईक लागते का?"

ढोलकीवाला खाली मान घालून ढोलकीची दोरी ओढत बसला. सर म्हणाले, "अरे, तो घरातला आहे."

"अन् मी?"

सर मशीनचं बटण फिरवत म्हणाले,

"तुला सवय आहे ना तिथं बसायची."

सवय! आईवरून शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो. हा शब्द नाही विसरत. जणू मी जन्मलोच तिथं, त्या चपलांजवळ. जणू त्यांनी मला बसवलंच नव्हतं.

आवाज कमी न करता मी गिटारमधून वायर उपटली. मशीन चालू असताना असं केलं की सगळ्यांच्या हेडफोनमध्ये बार उडतो. उडाला. सरांनी दोन्ही हातांनी कान धरले. भाचा "आई गं" करून ओरडला. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

तिथून जीपनं तडक दारव्ह्याला चाचांकडं.

"काय बे, हाकललं का तुले?"

"नाही चाचा. मीच आलो."

"मंग चहा पाज. पहिल्यांदा शहाण्यासारखं वागला तू."

सरांनी फोन फिरवले. शिकला म्हणून माजलाय, असं सगळीकडं सांगितलं. बरोबर आहे. मी माजावं म्हणूनच तर बापानं खाणीत आयुष्य घातलं.

मीही फोन फिरवले. दुर्गोत्सवात सरांचा मोठा कार्यक्रम होता. मी एकेका बेसवाल्याला म्हटलं, जायचं तर जा, पण तुम्ही वाजवता तो ठेका कोणी, कुठं बसून काढला, तेवढं ऐकून जा. कोणी गेलं नाही. महागाववाल्यानं तर सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी तुमालेच शिकवत होतो ना."

कार्यक्रमाला मी मुद्दाम गेलो. बेसचं काम कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकत होता. गर्दीत उभं राहून मी आलुबोंडा खात ऐकलं. माझ्या पुढचा माणूस सोबत्याला म्हणाला, "काय बे, आज गाणं पायात उतरूनच नाही राह्यलं."

"साऊंडवाल्याले सांग ना!"

दोघंही साऊंडवाल्यावर ओरडायला लागले. मी दुसरा आलुबोंडा घेतला. क्षमा मोठ्या मनाच्या लोकांनी करावी. माझं मन तेवढं मोठं नाही आणि मला ते मोठं करायचंही नाही.

मग सरांचा फोन आला. आवाज एकदम गोड. "झालं गेलं सोड. आत येऊन बस आता. गादीवर."

"सर, मले तुमची गादी नाही पाह्यजे."

"मग काय पाहिजे तुला?"

"माहे सूर. सगळेच्या सगळे."

फोन मीच ठेवला.

आता मी एकेक गाणं घेतो. मोबाईल समोर ठेवून त्या गाण्यातला बेस एकट्यानं वाजवतो आणि तो व्हिडिओ लोकांसमोर टाकतो. वाजवायच्या आधी सांगतो, हा मी वाजवला, अमक्याच्या घरी, अमक्या जागी बसून. सरांचं नाव पूर्ण घेतो. लोक म्हणतात, जाऊ दे ना, म्हातारा माणूस आहे. मी जाऊ देणार नाही. त्यांना ऐकू येतंय तोवर मला हे करायचं आहे. त्यांच्या गाण्यांखालचा माझा शेवटचा सूर काढून घेईपर्यंत थांबणार नाही. मग त्यांच्याकडं नुसतं नाव उरेल. त्यावर कोण नाचतं, ते मला पाहायचंय.