दोन चिमण्या

आमच्या दिवाळे गावात तेव्हा दोन चिमण्या होत्या. एक घरातली, रॉकेलची. दुसरी खाडीपलीकडची, कोळसा जाळून वीज करणारी. ती वीज आमच्या घरात काही आलेली नव्हती. पण मला ती पलीकडची चिमणी आवडायची. सांजेला तिचे लाल दिवे लागले की खाडीचं पाणी असं काही दिसायचं की बस! चित्रकलेच्या वहीत मी तीच काढायची. आवडायची म्हणजे आवडायची, त्यात लाज कसली?

आईचा मात्र तिच्यावर दात होता. आमचा जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, अंगणात वाळत पडायचा आणि वारा तिकडून आला की त्यावर काळी भुकटी बसायची. बाजारात गिऱ्हाईक जवळा चिमटीत धरायचं, आपलं काळं बोट बघायचं आणि पुढच्या बाईकडे जायचं. दोन आठवडे आई भरलेली टोपली घेऊन घरी आली. आमचं घर त्या टोपलीवरच चालायचं.

गावाने अर्ज केला तेव्हा एक साहेब चौकशीला आला. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं.

आई म्हणाली, "चिमनीची काजली पडते जवल्यावर."

साहेब समजावत म्हणाला, "मावशी, मग चिमणी जरा लांब ठेवा. वात कमी करा."

त्याला वाटलं, रॉकेलची! सगळं गाव फिदीफिदी हसलं. आई नाही हसली. तरातरा घरी गेली, चिमणी आणली आणि टेबलावर आदळली.

"ही माजी. हिची काजली मी रोज पुसते. तुजी कोन पुसनार? तू?"

आमच्याकडे साहेबालाही तूच म्हणतात.

साहेब चपापला. इथे नवं शहर बांधतायत, त्याची धूळ असेल, असं काहीतरी पुटपुटला. मग माझा गणवेश बघून म्हणाला, "बाळ, तू शिकतेस ना? तूच सांग. ती चिमणी आवडत नाही तुला?"

"आवडते," मी म्हणाले. आईचा चेहरा उतरला. "पण राख तिचीच आहे. माझ्या वहीवरपण पडते."

साहेबाचं पेन हलेना.

"लिही की!" मी ओरडले. तेव्हा लिहिलं.

त्या लिहिण्याने राख काही थांबली नाही. त्या दिवशी घरी येताना आई म्हणाली, "आवडते म्हनालीस तवा जीवच गेला माजा." आणि जरा वेळाने, "खरंच चांगली दिसते काय गो?"

इतकी वर्षं तिने खाली जवळ्याकडेच बघितलं होतं. आम्ही दोघी बंदरावर थांबलो. लाल दिवे लागले. आईने डोळे भरून बघितलं.

"दिसते खरी, मेली," ती म्हणाली. "उद्या टोपली घेऊन तिच्या दारात जाऊ. म्हनू, पुसा आता."

आणि गेलो.