ओठ न लावता

ब्रुसेल्समध्ये म्हणे प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो. माझ्यासमोर कमळासारखा पसरट ग्लास आला. ऑफिसातल्या पीटरचा मात्र गोल बुडाचा, प्रयोगशाळेतल्या चंबूसारखा, लाकडी स्टँडात अडकवलेला. दोन घोट घेऊन त्याने तो माझ्यापुढे धरला, "चाखून तर बघ!"

मी मान मागे टाकली आणि घरी तांब्यातून पाणी पितो तशी, ओठ न लावता, वरून धार सोडली. निम्मा फेस शर्टावर सांडला. पीटर खो खो हसला, मग हसू आवरून त्याने विचारलं, "माझी किळस येते का रे तुला?"

"नाही रे! दुसऱ्याचं भांडं उष्टं करू नये, असं आईनं शिकवलंय," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण आईला कुणी शिकवलं? गावात माझ्या वडिलांच्या ओंजळीत लोक वरूनच पाणी ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ते मी अभिमानाने सांगतो. पण माझी ही सवय संस्कारातली की त्या ओंजळीतली, हे मला सांगता येईना.

पीटर अजून माझ्याकडे बघत होता. ग्लासाला त्याचे ओठ जिथे लागले होते, तिथेच मी माझे लावले. बिअर कडू होती की गोड, काही कळलं नाही.