दाराबाहेर कुणीच नव्हतं

बहारीनमध्ये माहूज भागातल्या त्या इमारतीत दुपार सरता सरायची नाही. जाड पडद्यांमागे ऊन पिवळं होऊन थांबायचं, एसी एकसुरात घुमायचा आणि वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्सबाईंचा तीन वर्षांचा मुलगा माझ्या मांडीवर पेंगायचा. बाई सलमानिया हॉस्पिटलात शिफ्टवर गेल्या की मी त्यांच्या घरी त्याला सांभाळायची. माझी स्वतःची मुलगी गुहागरकडे माझ्या आईपाशी होती. दीड वर्षाची असताना तिला ठेवून मी नवऱ्यामागे बहारीनला आले, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दुसऱ्याचं पोर थोपटताना तिची आठवण यायची आणि हात आपोआप हळू व्हायचा.

एका शुक्रवारी बाईंच्या व्हिडिओवर हाताला लागली ती कॅसेट लावली. जुना विलायती सिनेमा निघाला. धुक्यातलं मोठं घर, माडीवर झोपलेलं मूल, त्याला राखायला आलेली एक पोरगी आणि बाहेर कुणीतरी. बोलणं मला अर्धंही कळेना, पण भ्यायला इंग्रजी कशाला लागतं? बंद करायचं सोडून मी डोळे फाडून बघत बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

तेवढ्यात बाईंच्याच दाराची बेल वाजली.

दाराच्या भिंगातून पाहिलं तर बाहेर कुणीच नव्हतं. नुसता रिकामा जिना. जरा वेळाने पुन्हा बेल, मग दूर जाणारी पावलं आणि पुन्हा कुणीच नाही. मी टीव्ही बंद केला, सोफा ओढून दाराला लावला आणि पोराला उचलून छातीशी धरलं.

"आंटी, कौन है?" त्याने झोपेतच विचारलं.

"कोई नहीं, बेटा."

संध्याकाळी घरी आले, तर नवरा म्हणाला, "अगो, आपल्या गावचा तो बार्जवरचा भाऊबंद रजेवरून आलाय. तू वर आहेस कळल्यावर वर आला होता. दोनदा बेल मारली म्हणे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात बाईमाणूस एकटं असलं की आमच्याकडचे पुरुष दारात उभे राहत नाहीत. बेल वाजवायची आणि चार पायऱ्या उतरून, तोंड फिरवून थांबायचं. त्याच्याकडे माझ्या लेकीचा आवाज भरलेली कॅसेट होती, हे मात्र दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या आईने बजावलं होतं, तिच्याच हातात दे. शब्दाला जागून तो ती परत घेऊन गेला आणि पहाटेच कामाच्या बार्जवर, त्या सपाट बोटीवर, चढला होता. आता महिनाभर समुद्रात.

मी खूप रडले. सिनेमाचा राग आला, माझा आला, त्याच्या भलेपणाचाही आला.

पुढे महिनाभर, त्या पिवळ्या दुपारांत, मी तिचा आवाज मनानेच रचत राहिले. कधी घोगरा, कधी माझ्या आईसारखा हेल काढणारा. त्यात ती सारखी आई, आई करायची. नर्सबाईंचं पोर मांडीवर झोपलेलं असायचं आणि मी ऐकत असायची.

महिन्याने कॅसेट हातात आली. टेप लावला. मागे कोंबडा आरवत होता. माझी आई म्हणाली, "बोल बाय, आईला काय सांगायचं?"

मग एक हसरा, बारीक आवाज आला, "आई ही काय, हितं बसलीय."

मी टेप बंद केला. त्या सिनेमाला मी पुन्हा कधी शिव्या घातल्या नाहीत. त्याच्यामुळे आणखी एक महिना तिची आई मीच होते.